टॅपेट वाजतायत, की दुसरंच काही?

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात सकाळची पहिली जीप सुरू होते तेव्हा काचेवरचं दव अजून पुसायचं असतं. सेल्फ फिरतो, इंजिन धरतं आणि बॉनेटखालून टक-टक-टक सुरू होते. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास सांगतं, "दादा, टॅपेट वाजतात तुमचे." दादा मान हलवतात, गियर टाकतात. ही जीप जव्हारला जाणार असते. तिच्यात बाजाराला निघालेली माणसं असतात, कधी पतंगशाह कुटीर रुग्णालयात दाखवायला निघालेली दिवस भरत आलेली बाईही असते. अशी गाडी मधेच बंद पडली तर पुढची किती वेळानं मिळेल सांगता येत नाही. म्हणून त्या टकटकीबद्दल जे सर्रास बोललं जातं, त्यातलं खरं किती ते पाहायला हवं.

सगळ्यात मोठा गैरसमज पहिल्यांदा घेतो, कारण त्यानं इंजिनं जळतात. "आवाज नाही म्हणजे टॅपेट मस्त सेट आहेत." हे उलटं आहे. जुन्या जीपच्या किंवा बोलेरोच्या अडीच लिटर डिझेल इंजिनात कॅम पुशरॉडला उचलतो, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर वॉल्व्हच्या दांडीवर दाबतो. रॉकर आणि दांडी यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढी. टॅपेट सेट करणं म्हणजे रॉकरवरच्या स्क्रूनं हीच फट जुळवणं. इंजिन तापलं की दांडी लांबते. ती फट नसेल तर वॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. जळत्या वायूच्या झोतात राहणारा एक्झॉस्ट वॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडला देतो. टेकायलाच मिळालं नाही तर त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि चढावर गाडी दम टाकते. त्यात सीट झिजत जाते तसा वॉल्व्ह वर सरकतो आणि फट आपोआप कमी होते. म्हणजे वाजणारा टॅपेट निदान सांगतो तरी. घट्ट झालेला गप्प राहून वॉल्व्ह खातो. सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत सीट लवकर झिजते, तिथं तर आवाजाची वाट न बघता फट मोजायला हवी.

मी एका गॅरेजात पाहिलं आहे: गिऱ्हाईक म्हणालं आवाज बंद करा, आणि फट मोजायचा फिलर गेज न लावता सगळे स्क्रू अंदाजानं थोडे-थोडे आवळले गेले. गाडी शिलाईच्या मशीनसारखी चालली. त्या शांततेचे पैसे पुढे हेड उतरवून मोजावे लागले. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं, म्हणून मला ही गोष्ट फार लागते.

"तेल जाड टाका, आवाज बसेल." थोडा बसतोही, पण जाड तेलानं स्क्रूची फट कमी होत नाही, धक्का तेवढा मऊ होतो. आणि सकाळच्या गारठ्यात तेच जाड तेल वरच्या रॉकरपर्यंत उशिरा पोचतं, त्या वेळात झीज होते ती वेगळीच. इंजिनाच्या पुस्तकात जो ग्रेड दिला आहे तोच टाकावा.

तेलाच्या पातळीबद्दलही असंच. "जास्त भरलेलं बरं, घाट आहे ना." घाट आहे हे खरं. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे, आणि विक्रमगडकडून वर येताना इंजिन बराच वेळ तिरकं राहतं. तेल कमी असेल तर अशा चढावर किंवा वळणावर चेंबरमधलं तेल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि टॅपेट वाजू लागतात. पण वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलं तर क्रँक त्या तेलाला घुसळतो, फेस होतो. फेसात हवा असते आणि हवेला दाब धरता येत नाही. तेल बघायचं तर गाडी सपाट जागी लावावी, बंद करून पाच-दहा मिनिटं थांबावं, मग डिपस्टिक पुसून पुन्हा घालून बघावी. आपल्या भागात सपाट जागा शोधावी लागते, तरी उतारावर घेतलेलं माप धरू नये.

आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझलेला आहे म्हणून ऑईलचा दाब ठीक आहे असंही नाही. बहुतेक गाड्यांत तो दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास उतरल्यावरच लागतो. दिवा लागण्याआधी कितीतरी वेळ टॅपेट उपाशी असू शकतात. संशय असेल तर त्या दिव्याचा इंजिनावरचा स्विच काढून त्या जागी काट्याचा गेज लावून मोजणं, हाच खरा पुरावा.

आता "टकटक म्हणजे टॅपेटच." इथं कान लावून बसायला हवं. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. इंजिन 800 फेऱ्यांवर शांत उभं असताना एक वॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा उघडतो, म्हणजे एकच टॅपेट ढिला असेल तर सेकंदाला सहा-सात टिकटिका. आवाज हलका, धातूचा, वरून येणारा. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर ठोका जड असतो, खालून येतो, वेगही दुप्पट, आणि चढावर लोड आला की वाढतो. ती टॅपेटची टकटक समजून गाडी हाणली तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. लांब पेचकसाचं टोक टॅपेट कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की फरक बराचसा कळतो. फक्त पंखा-पट्ट्यापासून लांब राहावं.

मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनात मिस्त्री आणखी एक करतात: एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित ढिला करून त्या सिलिंडरचं डिझेल तोडतात. ठोका मऊ झाला तर रॉडचा किंवा जळणाचा. जसाच्या तसा राहिला तर टॅपेटकडे बघायचं. कॉमनरेल इंजिनात हे चुकूनही करू नये. तिथं हजार बारच्या वरचा दाब असतो आणि ती धार कातडी फोडून आत जाते.

आणखी एक चकवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा. सकाळी गार इंजिनावर हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक, गाडी तापली की लोखंड फुगून भेग मिटते आणि आवाज गायब. जोडाजवळ काजळीची रेघ दिसली तर टॅपेट कव्हर उघडायची गरजच नाही.

जुन्या जीपनंतर आलेल्या काही गाड्यांचं वेगळं. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा यांतल्या 1.3 लिटरच्या फियाट डिझेलमध्ये हायड्रॉलिक टॅपेट आहेत. आत एक छोटा प्लंजर आणि गोळीचा वॉल्व्ह. तेलाच्या दाबानं तो फट स्वतःच भरून काढतो. त्याला स्क्रू नसतो, म्हणून "हायड्रॉलिक टॅपेट सेट करून देतो" म्हणणाऱ्याला काय सेट करणार ते विचारावं. रात्रभर उभ्या गाडीत काही टॅपेटांतलं तेल निथळतं, सकाळी ते काही सेकंद वाजतात आणि गप्प होतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. गरम झाल्यावरही वाजत राहिले तर आधी तेल आणि फिल्टर बदलावा, मग दाब मोजावा, आणि टॅपेट बदलायचं त्यानंतर बोलावं.

स्क्रूच्या टॅपेटांवर परत येतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एक नंबर सेट करायचा तर चार नंबरकडे बघतात: त्याचे दोन्ही वॉल्व्ह डुलत असतील, एक मिटत आणि दुसरा उघडत, तेव्हा एक नंबरचे दोन्ही मोकळे असतात. फिलरची पाती फटीत सरकवून ओढली की ती किंचित अडखळायला हवी. मग पेचकसानं स्क्रू धरून ठेवायचा, लॉकनट आवळायचा आणि पाती पुन्हा घालून बघायची, कारण नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. सेटिंग बरोबर होऊनही एखादा टॅपेट वाजत राहिला तर रॉकरचं टोक बोटानं चाचपावं. तिथं खळगा पडला असेल तर सपाट पाती खळग्यावरून पुलासारखी जाते, गेज 0.20 दाखवतो आणि खरी फट त्याहून जास्त असते. तो रॉकर घासून किंवा बदलून घ्यावा लागतो, स्क्रू आवळून भागत नाही.

सेटिंग झाल्यावर नवं गॅस्केट टाकून कव्हर बसवतात, गाडी सुरू करतात. वरून बारीक, एकसारखी टिकटिक येत असते. ड्रायव्हर म्हणतो, "भाऊ, अजून थोडं वाजतंय." चांगला मिस्त्री पाना पुसतो आणि बॉनेट लावतो.