रानपिंगळा : नोंद, वीण आणि संवर्धन

प्रस्तावना : अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याच्या उत्तरेस, सालबर्डी परिसरात, सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. याच सातपुड्यात पश्चिमेकडे असलेले मेळघाटचे जंगल रानपिंगळ्याचे महत्त्वाचे आश्रयस्थान आहे. पक्षिसंवर्धनाचा पाया अचूक नोंदीवर कसा उभा असतो, हे या पक्ष्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शोध व पुनर्शोध : १८७३ मध्ये ह्यूम यांनी या पक्ष्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. मैनर्टझहागन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत एक नमुना मिळविल्याचा दावा केला होता. परंतु तो जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी माहिती लिहिल्याचे पुढे सिद्ध झाले. ही नोंद बाजूला ठेवून पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांनी जुन्या विश्वसनीय ठिकाणी शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांचा खंड संपला.

विणीचा अभ्यास : फराह इश्तियाक व असद रहमानी यांच्या अभ्यासातून या पक्ष्याच्या सवयी उलगडल्या. गावाशेजारी आढळणाऱ्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते. तो दिवसाही वावरतो व सरडे, उंदीर यांवर जगतो. घरट्यासाठी तो स्वतः ढोली कोरत नाही. नैसर्गिक किंवा सुतार पक्ष्याने कोरलेल्या ढोलीत मादी अंडी घालते. म्हणजेच जुनी, पोकळ झाडे नसतील, तर भक्ष्य मुबलक असूनही वीण होणार नाही.

संवर्धन : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्याला संरक्षण आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय यादीत त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’ऐवजी ‘संकटग्रस्त’ असा झाला. मात्र धोका टळलेला नाही. सरपणासाठी होणारी तोड, वणवे, अतिक्रमण आणि घुबडांविषयीच्या अंधश्रद्धा ही कारणे कायम आहेत. पोकळ झाड इमारती लाकडाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते, आणि तेच या पक्ष्याचे घर असते.

समारोप : केवळ पक्षी वाचविण्याची भाषा पुरेशी नाही, त्याची ढोली वाचली पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या महाविद्यालयांनी घरट्यांना त्रास न देता, दिनांक व स्थळासह पक्षी आणि ढोलीच्या झाडांच्या नोंदी ठेवल्यास हे काम सुकर होईल. खोट्या नोंदीने शोधाची दिशा चुकते. खरी नोंद संवर्धनाला दिशा देते.