बुश बदला घरच्या घरी

खड्ड्यात ‘खट्ट’ आवाज, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढणे, टायरची वेडीवाकडी झीज. मारुती ८०० किंवा अल्टोसारख्या जुन्या गाडीत ही लक्षणे दिसली, तर आधी लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश पाहावेत.

बुश तसा स्वस्त. खिसा हलका होतो तो मजुरीने. हायड्रॉलिक प्रेस नसली तरी व्हाइस, मोठे सॉकेट किंवा पाइपाचे तुकडे आणि लांब आट्यांचा बोल्ट एवढ्यावर भागते. बाहेरून धातूची नळी असलेला नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला, तर किंचित आकसतो. रबराला साबणाचे पाणी लावावे. इंजिन ऑइल नको, त्याने नैसर्गिक रबर फुगते.

नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, स्टँड हवेतच.

काम बिघडते ते बहुधा आर्म गाडीला धरणाऱ्या शेवटच्या बोल्टवर. बुशचे रबर त्याच्या आतल्या नळीला घट्ट चिकटवलेले असते. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, तसेच राहते आणि नवाकोरा बुश लवकर फाटतो. म्हणून गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच बोल्ट अखेरचा आवळावा. मग व्हील अलाइनमेंट; ते टाळून वाचलेले पैसे टायर वसूल करतात.