गंडीपेटचे पाणी

उन्हाळा आला की म्हाताऱ्या माणसांचे दोन उद्योग सुरू होतात. एक, उन्हाला नावे ठेवणे. आणि दुसरा, आमच्या वेळचा उन्हाळा कसा गोड होता हे सापडेल त्याला सांगणे. ऊन तर तेव्हाही हेच होते, आणि घरात पंखासुद्धा नव्हता. मग ती गोडी होती तरी कशाची? ऐंशी ओलांडल्यावर मी एकदा या प्रश्नाचा हिशेब मांडून पाहिला.

सुलतान बाजाराच्या मागल्या गल्लीत आमचे घर. शाळा सुटली की दारांना खसाचे पडदे लागत. ते दुपारभर भिजवण्याचे काम आम्हा मुलांकडे. माळ्यावर बेनिशान आंब्यांची अढी, आणि तिचा वास घरभर. चारच्या सुमारास मुंजलवाल्याची हाक आली, की झोपेचे सोंग घेतलेली सगळी पोरे एकदम उठून बसत. कोकणात ज्यांना ताडगोळे म्हणतात, तेच आमचे मुंजल. संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपायचे, गाद्या टाकायच्या आणि उशाशी सुराही ठेवायची. सुराहीतले पाणी पिताना आजोबांचे एक वाक्य ठरलेले असे: "गंडीपेटचं पाणी आहे हे. एकदा जो प्याला, तो हैदराबाद सोडून जात नाही."

म्हण त्यांची एकट्याची नव्हे, साऱ्या शहराची. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि हजारो माणसे दगावली. पुन्हा तसे होऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांचा सल्ला घेतला गेला, आणि 1920 साली गंडीपेटला उस्मानसागर तयार झाला. पुराचे म्हणून अडवलेले पाणी नळाने घरोघर आले आणि त्याच्या गोडीची म्हण झाली.

1956 च्या मे महिन्यात मी बारा वर्षांचा होतो. शेजारच्या बिऱ्हाडातला माझा सोबती सहा महिन्यांनी मोठा. विवेकवर्धिनीत आम्ही एका बाकावर बसत असू. त्याचे वडील सरकारी कचेरीत होते. त्या उन्हाळ्यात वडीलधारी मंडळी जेवणे आटोपल्यावर गच्चीच्या एका कोपऱ्यात हलक्या आवाजात बोलत बसत. राज्य मोडणार होते. मराठवाड्याचे पाच जिल्हे एकीकडे, बिदर, गुलबर्गा, रायचूर म्हैसूरकडे आणि तेलंगण आंध्राबरोबर, अशी वाटणी कानावर येई. आम्हाला ती भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशासारखी वाटे. पण एका रात्री सोबती माझ्या गादीवर सरकून म्हणाला, "आम्हाला औरंगाबादला जावं लागणार म्हणे."

आम्ही दोघांनी यावर पुष्कळ विचार केला. तो जन्मापासून गंडीपेटचेच पाणी पीत होता, तरी जायची वेळ आलीच होती. तेव्हा नळातून येता येता पाण्याचा गुण उतरत असावा, असे आमचे मत पडले. थेट तलावावर जाऊन प्यायला हवे.

दुसऱ्या दिवशी पहाटे, घरी न सांगता, भाड्याची एक सायकल घेऊन आम्ही निघालो. आळीपाळीने एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे बसायचे. मेहदीपट्टणम मागे पडले, लंगरहौज गेले, गोवळकोंड्याचा किल्ला उजवीकडे दिसू लागला. तलावावर पोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. मे महिना असल्यामुळे पाणी खाली गेले होते. चिखलातून उतरून सोबत्याने एकवीस ओंजळी पाणी प्याले. ओंजळी मोजण्याचे काम माझे.

परत यायला दुपार टळली. मला घरी मार बसला. त्याला रात्री पोटदुखीने हैराण केले. त्याच्या वडिलांनी मात्र हात उगारला नाही. "कशाला गेला होतास?" एवढेच त्यांनी विचारले. उत्तर ऐकले आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन ते बराच वेळ पाठमोरे उभे राहिले.

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य मोडले. पुढे थोड्याच दिवसांत काचीगुड्याच्या स्टेशनावरून मनमाडकडे जाणाऱ्या मीटर गेजच्या गाडीने ते बिऱ्हाड गेले. "पुढच्या उन्हाळ्यात येतो," असे तो खिडकीतून ओरडला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या वडिलांना रजा मिळाली नाही; त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पत्रे लिहिणेही सोडले होते.

ती पाठ मला पुढे स्वतःच्या संसाराच्या काळज्यांत पुष्कळदा आठवली. आमचे उन्हाळे बेफिकीर होते, कारण आमची फिकीर गच्चीच्या कोपऱ्यात दुसरे कोणी वाहत होते. आता त्या कोपऱ्यातले कोणीच उरलेले नाही. घराच्या जागी चार मजली इमारत आहे, आणि तिच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत.

गेल्या महिन्यात सोबत्याचा फोन आला. औरंगाबादचे आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आवाज तोच.

"काय रे, अजून गंडीपेटचंच पितोस का?"

"आता मुख्य पाणी दुरून येतं. 1965 पासून मांजरेचं, पुढं कृष्णेचं, आणि 2015 पासून गोदावरीचंही."

"मांजरा तर आमच्या बीड जिल्ह्यात उगम पावते! आणि गोदावरीचं म्हणशील तर मी जायकवाडीचं पाणी पितो. म्हणजे आपण एकाच नदीचं पितो की. तू माझ्या खालच्या अंगाला, एवढंच." तो खूप हसला. मग थोडा थांबून म्हणाला, "तलाव आहे ना रे अजून?"

"आहे. पाऊस बरा झाला की भरतो."

"मग येतो एकदा. एकवीस ओंजळी आता झेपायच्या नाहीत. एक पुरे."

मी बाजारातून एक सुराही आणून ठेवली आहे.