वाटीतला फेस: एका शतकाचा मागोवा

दाढीला फेस लावल्याविना पाते फिरवायचे नाही, हा शिरस्ता आज इतका अंगवळणी पडला आहे की, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातील बहुसंख्य लोकांची श्मश्रू साबणाच्या स्पर्शावाचून, निव्वळ पाण्यावर होत असे, असे सांगितले तर नव्या पिढीला ते खरे वाटत नाही. धोकटी काखेत मारून घरोघर फिरणारा न्हावी ओसरीवर येऊन बसे, पितळेच्या वाटीत पाणी मागून घेई आणि समोर मांडी घालून बसलेल्या यजमानाचे गाल, हनुवटी व गळा ओल्या बोटांनी चोळू लागे. हे चोळणे घाईचे नसे. गावची खबरबात सांगत, मधूनमधून बोटे पाण्यात बुडवीत, केसांच्या उलट दिशेने अंगठा दाबून पाहत, केस पुरते नरमले अशी खात्री पटेपर्यंत तो वस्तऱ्याला हात लावीत नसे. मग चामड्याच्या पट्ट्यावर परजलेला वस्तरा दोन-चार लांब ओढींत गाल साफ करी, आणि शेवटी तुरटीचा खडा फिरला की काम आटोपले. या सेवेचा ऐवज सुगीच्या वेळी बलुत्याच्या धान्यरूपाने पोचता होई.

त्या बोटांना जे ठाऊक होते ते शास्त्राने पुढे नीट उलगडून सांगितले. दाढीचा केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. कोरडा असताना तो विलक्षण चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो, मऊ होतो, आणि त्याला कापायला लागणारा जोर पुष्कळ कमी होतो. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजलेला केस आणि कोरडा केस यांतला फरक पात्याला तर कळतोच, पण गालाला अधिक कळतो. फेसाचे सारे माहात्म्य याच्यातच आहे. पाणी नुसते लावले तर ओघळून जाते किंवा वाळते, फेसात कोंडलेले पाणी मात्र केसापाशी टिकून राहते. म्हणून गेल्या शतकात श्मश्रूच्या साहित्यात ज्या ज्या सुधारणा झाल्या, त्यांची पारख त्यांनी केसाला किती पाणी पोचवले या एका कसोटीवर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि हा मागोवा मी त्याच दृष्टीने घेत आहे.

अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट याला १९०४ साली बदलत्या पात्याच्या रेझरची सनद मिळाली. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने आपल्या सैनिकांसाठी असे सुमारे ३५ लक्ष रेझर विकत घेतले, आणि युद्ध संपल्यावर स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय घेऊन ही माणसे घरोघर परतली. आपल्याकडे ही चाल हळूहळू रुजली, ती मुख्यतः कचेऱ्यांच्या व शाळा-कॉलेजांच्या दुनियेतून. आठवड्यातले ठराविक वार वर्ज्य मानून, न्हावी येईल तेव्हा श्मश्रू करवून घेणे हा जुना दस्तूर होता. पण दहाच्या ठोक्याला टेबलापाशी हजर होणाऱ्या कारकुनाला व मास्तराला रोज गुळगुळीत गालाची गरज भासू लागली, आणि त्यासाठी आरसा, रेझर व ब्रश ही त्रयी घरात आली. एक गोष्ट मात्र घरात आली नाही, ती म्हणजे दुसऱ्याची बोटे. स्वतःच्या गालांना तितका वेळ चोळीत बसण्याचा धीर कोणालाच नसतो. बोटांची ही उणीव भरून काढण्यासाठी साबण हवा झाला, आणि आपल्याकडे फेसाचे युग खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाले.

विलायती साबणात चरबीचा अंश असे, आणि तो तोंडाला लावणे सोवळ्या घरांना रुचत नसे. १९१८ च्या सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून साबण बनवून दाखवला तेव्हा ही अडचण दूर झाली. गोदरेजची दाढीच्या साबणाची गोल वडी पुढे कित्येक घरांच्या मोरीतल्या कोनाड्यात कायमची वस्तीला आली. ब्रशांच्या बाबतीत मात्र तो काळ निर्वेध नव्हता. महायुद्धाच्या वर्षांत नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून इंग्लंड-अमेरिकेत अँथ्रॅक्सची लागण झाली आणि माणसे दगावली. जपानी ब्रशांच्या आयातीवर ब्रिटनने १९२० मध्ये बंदीहुकूम काढला तो याच कारणाने. बिज्जूचे आणि डुकराचे केस पुढेही चालू राहिले, पण सामान्य माणसाचा भरवसा अखेर नायलॉनच्या ब्रशाने मिळवला.

वडीनंतर नळीतले क्रीम आले. वडीत सोडियमच्या साबणाचा भाग मोठा, म्हणून ती घट्ट राहते. क्रीममध्ये पोटॅशियमचा साबण अधिक असतो, म्हणून ते मऊ असते आणि पाण्यात चटकन मिसळते. दोहोंच्या मुळाशी स्टिअरिक आम्ल आहे. त्याचा फेस सावकाश येतो, पण दाट असतो व टिकतो. खोबरेल तेलातून येणारी आम्ले फेस लवकर उठवतात, पण एकटी असली की तो लवकर बसतो. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. या सर्वांचे प्रमाण जमवणे हे कारखानदाराचे काम, आणि त्याने ते बहुधा इमानाने केलेले असते. उरलेले काम वापरणाऱ्याचे. बिघाड होतो तो येथे.

तो कसा होतो हे जवळून पाहण्याजोगे आहे. ब्रश कोमट पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवावा आणि दोनदा झटकावा. वाटीच्या तळाशी बदामाएवढे क्रीम घेऊन ब्रश हलक्या हाताने गोल फिरवावा. पहिल्या काही वेढ्यांत मोठमोठे बुडबुडे उठतात व सगळे पांढरे होऊन जाते, आणि नेमके येथेच बहुतेक लोक थांबतात. हा फेस दिसतो भरपूर, परंतु त्यात हवा फार आणि पाणी थोडे. गालावर तो मिनिटभरात कोरडा पडतो, आणि पाते अडखळू लागते. अशा वेळी ब्रशाचे टोक पाण्याला नुसते टेकवावे, फिरवीत राहावे, पुन्हा टेकवावे. हळूहळू बुडबुडे बारीक होत दिसेनासे होतात, फेस आटून जड होतो, आणि त्यावर एक तुकतुकी चढते. ब्रश उचलला असता वर आलेले टोक ताठ उभे न राहता किंचित कलले, तर पाणी बेताचे झाले असे समजावे. त्यापुढे आणखी पाणी घातले की फेस पातळ होऊन मनगटावर ओघळू लागतो. मग थोडे क्रीम घालून मोड सावरून घ्यावी. गालावरही ब्रश आधी गोल फिरवून केस मुळापासून उचलावेत आणि मग सरळ फराट्यांनी फेस बसवावा. न्हाव्याच्या बोटांचे काम तेथे ब्रश करतो, आणि फेस लावल्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबण्याचे काम आपण करायचे असते.

इतके करूनही काही गावी फेस उठत नाही. त्याचे कारण त्या गावच्या पाण्यात शोधावे लागते. मुंबईला १८९२ पासून तानसाचे आणि पुढे वैतरणेचे पाणी मिळत आले. हे पावसाचे साठवलेले पाणी हलके असते, आणि मुंबईकराला साधे क्रीमही भरघोस फेस देते. देशावर काळ्या खडकातून झिरपून विहिरीत उतरणारे पाणी कॅल्शियमचे व मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, त्यात साबणही फेसाळत नाही. साबणाचा पहिला अंश त्या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा मळ बनतो व वाटीच्या कडेला चिकटतो. उरलेल्याचा फेस व्हायचा. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव विंधणविहिरी खोदल्या गेल्या. लक्षावधी लोकांची तहान त्यांनी भागवली, त्यांचे उपकार मोठेच आहेत, परंतु नदीच्या आणि उथळ आडाच्या पाण्याची सवय असलेल्या कित्येक घरांत खोलवरचे जड पाणी प्रथमच आले, आणि हल्लीच्या साबणांना फेस येत नाही ही तक्रार त्या वर्षांत घरोघर ऐकू येऊ लागली. साबण तोच होता.

आमच्या लहानपणी दाढी स्नानाच्या आधी, बंबातल्या पाण्याने होत असे, आणि त्यात ऊब मिळण्यापलीकडेही एक फायदा होता. पाणी चांगले तापले की त्यातील बायकार्बोनेटचे क्षार पांढऱ्या खपलीच्या रूपाने भांड्याच्या अंगाला धरतात, आणि वरचे पाणी तेवढे हलके होते. बंबाच्या आतून खरवडून निघणारे ते पापुद्रे म्हणजे साबणाच्या वाटेतून दूर झालेला शत्रू, हे तेव्हा कोणी सांगितले नाही. गिझर आला, बंब माळ्यावर गेला. गिझरचे पाणी क्वचितच तितके उकळते.

परदेशांत दरम्यान ब्रशच टाळण्याची खटपट चालली होती. १९१९ साली अमेरिकेत बार्बासॉल हे विनाब्रशचे क्रीम निघाले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत दाबताच फेस बाहेर टाकणारे डबे बाजारात आले. आपल्याकडे ते आर्थिक उदारीकरणानंतर मोठ्या प्रमाणावर पसरले. तोवर नळीचे राज्य अबाधित होते, आणि कपिल देवने ऐंशीच्या दशकात दूरचित्रवाणीवर पामोलिव्हची जाहिरात केली तेव्हा ते राज्य आपल्या वैभवाच्या शिखरावर होते असे म्हणता येईल. डब्यातल्या फेसाविषयी माझे मत अनुकूल नाही. तो देखणा असतो, हाताला वेळ लागत नाही, पण त्याचे पाण्याचे प्रमाण कारखान्यात ठरून गेलेले असते. गालाच्या गरजेप्रमाणे त्यात थेंबभर भर घालण्याची सोय नाही, आणि केस उचलून भिजवणारा ब्रशही नाही.

पाण्याकडे दुर्लक्ष झाले की मोठे अभ्यासकही कसे फसतात याचे एक उदाहरण येथे नोंदले पाहिजे. २००२ च्या सुमारास जिलेटने भारतासाठी खास रेझर बनवला आणि त्याची परीक्षा अमेरिकेतील एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. तेथे तो उत्तम ठरला. भारतात आल्यावर मात्र त्यात केस अडकून बसू लागले. कारण ते विद्यार्थी वाहत्या नळाखाली पाते धूत होते, आणि येथील असंख्य माणसे एका पेल्यातल्या पाण्यात सगळी दाढी उरकतात. कंपनीने पुन्हा येथे येऊन लोकांच्या मोरीत काय चालते ते पाहिले, तेव्हा एका पात्याचा, चटकन स्वच्छ होणारा गार्ड हा रेझर तयार झाला व २०१० मध्ये १५ रुपयांना विकला जाऊ लागला. या चुकीची दुरुस्ती ज्या नम्रतेने झाली तिचे मला कौतुक वाटते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत शहरातील तरुण वाटी आणि ब्रशाकडे पुन्हा वळले आहेत. त्यांच्या हातातले कृत्रिम तंतूंचे ब्रश पूर्वीच्या नायलॉनहून कितीतरी मऊ असतात, पाणी कमी पितात आणि फेस भराभर उठवतात. केवळ जुने म्हणून प्राण्याच्या केसांचा हट्ट धरण्याचे आता कारण उरलेले नाही. जड पाण्याच्या गावातही एक तजवीज आपोआप झाली आहे. पिण्यासाठी घरोघर बसवलेल्या आरओ यंत्रातून क्षार काढलेले पाणी मिळते, आणि फेस बनवायला त्यातले अर्धी वाटी कोमट करून घेतले तरी पुरते. तोंड धुवायला, पाते धुवायला बोअरचे पाणी खुशाल वापरावे. ब्रश भिजवायला आणि फेसात थेंबाथेंबाने घालायला तेवढे हलके पाणी ठेवले, तर सोलापूरच्या मोरीतही नळीतले साधे क्रीम मुंबईइतकाच फेस देते.