सहाव्या महिन्याचा हिशेब

तेंदूच्या पुड्यांचा हिशेब ठेवावा, असे आम्ही मजुरांना सांगत आलो. पण त्याहून मोठा हिशेब गर्भारपणाच्या सहाव्या महिन्याचा आहे. आणि तो बाईने एकटीने नव्हे, साऱ्या घराने करायचा आहे.

२४ ते २८ आठवड्यांच्या या काळात पोटातले मूल जोराने हालू लागते. कंबर दुखते, छातीत जळजळते, पोटऱ्यांत गोळे येतात. हे बहुधा साधेच असते. परंतु डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, तोंड सुजणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, मुलाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप आला तर लगेच रक्त तपासावे. गडचिरोलीच्या जंगलात हिवताप आहे, आणि तो गर्भारणीला अधिक धोक्याचा. लोहाची गोळी रोज घ्यावी, मच्छरदाणीत निजावे.

आता हिशेब पाहा. मेच्या मध्यावर, पाने तोडण्याच्या हंगामात, जिचा २६ वा आठवडा चालू आहे, तिचे बाळंतपण ऑगस्टअखेरीस येते. पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अनेक पावसाळ्यांत बंद पडलेली आहे. म्हणूनच आदिवासी भागात आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ निघाले. दिवस भरण्याआधीच तेथे जाऊन राहता येते.

मग घरची चूल आणि धाकटी मुले कोण पाहील? खरी अडचण तीच. संप पुकारण्याआधी आम्ही शिध्याची सोय लावतो. तशीच ही सोयही पाऊस लागण्यापूर्वीच लावावी.