शिबिराला आई येतेय

मनमाड म्हटले की लोकांना जंक्शन आठवते. गाडी बदलायची, चहा घ्यायचा आणि पुढे निघून जायचे. पण गावाबाहेर नजर टाकली की डोंगरच डोंगर दिसतात. अंगठा उभा धरावा तसा हडबीच्या शेंडीचा सुळका आणि येवल्याच्या वाटेवर अंकाई-टंकाई ही किल्ल्यांची जोडगोळी. आमची मुले हे डोंगर जन्मापासून पाहतात, तरी त्यातली कितीतरी तिथे पाऊल न ठेवताच मोठी होतात. अंकाई गाव इथून अवघे दहा-बारा किलोमीटर. अडचण अंतराची नसते, घरच्या परवानगीची असते. मुलगी असेल तर अधिकच.

माझी लेक सहावीत असताना शाळेचे स्काऊट-गाईडचे दोन रात्रींचे शिबिर निघाले. मुलांची यादी दोन दिवसांत भरली, मुलींची रिकामीच. मी शाळेत सांगून आले, मदतीला मी येते. बातमी मोहल्ल्यात पोचायला कितीसा वेळ? संध्याकाळी शेजारीण दारात उभी. "बाजी, तुम जा रहे ना? फिर हमारी को भी लेके जाव." दुसऱ्या दिवशी रेल्वे क्वार्टरमधल्या एक बाई भेटल्या. "तुम्ही आहात ना, मग पाठवते." भाषा वेगळी, काळजी तीच. त्यानंतर दोन्ही मुले शाळेतून बाहेर पडेपर्यंत मी दरवर्षी जात राहिले. आमची मुले मला खाला म्हणत, बाकीची मावशी. दोन्हींचा अर्थ एकच!

शिबिर कोणासाठी, हा प्रश्न तसा जुनाच आहे. बेडन पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राऊन्सी बेटावर पहिले शिबिर भरवले, तेव्हा वीस मुले नेली होती. बड्या घरांतली आणि कामगारांची मुले त्यांनी मुद्दाम एकत्र केली आणि चार टोळ्यांत वाटली. भारतात १९०९ मध्ये स्काऊटिंग आले ते मात्र युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. आपल्या मुलांना दार बंद होते. ते उघडण्यासाठी ॲनी बेझंट यांच्यासारख्यांना वेगळी संघटना काढावी लागली. पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकत्र संस्था झाली आणि १९५१ मध्ये मुलींची गाईड संघटना तिच्यात आली. कागदावरचे दार असे उघडले. घरातले दार मात्र प्रत्येक आईला स्वतःच उघडावे लागते.

आणि आईबापांची भीती खोटी असते असे मी म्हणणार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुले बुडाली. त्यानंतर शिक्षण विभागाने सहलींचे नियम कडक केले. आमच्या हडबीच्या शेंडीवरही जानेवारी २०२२ मध्ये दोन गिर्यारोहकांचा मृत्यू झाला, आणि ते तर सरावाचे लोक. म्हणून शाळेच्या मुलांना सुळका खालूनच दाखवायचा आणि तळे दिसले की आधी डोकी मोजायची. मोजणी हे सोबत गेलेल्या पालकाचे पहिले काम. निघताना, थांबल्यावर, जेवताना, झोपताना. मुलांच्या जोड्या लावून द्याव्यात, म्हणजे एक मागे राहिला तर दुसरा ओरडतो. टोळी सहा ते आठ जणांची असते, त्यामुळे टोळीनायकही मोजतो. पण त्याच्या मोजणीवर विसंबून आपण गप्पा मारत बसू नये.

दुसरे काम पाण्याचे. मनमाडच्या माणसाला पाण्याचे गणित काय शिकवायचे! पंधरा-वीस दिवसांनी येणाऱ्या नळावर आमच्या पिढ्या वाढल्या. चाळीस मुले, दिवसाला माणशी चार लिटर पिण्याचे, म्हणजे १६० लिटर. वीस लिटरचे आठ जार झाले. स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणे वेगळेच. शिबिराच्या जागी टँकर किंवा विहीर आहे का, हे आदल्या आठवड्यात जाऊन पाहून यावे. उन्हाने कोणी मलूल झाले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. चमचा चहाचा. मीठ वाढवू नये.

तिसऱ्या कामाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी जरा सविस्तर बोलते. मुलींची शौचाची सोय. शिबिराच्या माहितीपत्रकात गिर्यारोहण असते, शेकोटी असते, हे नसते. सोय नाही म्हणून मुली पाणी पीत नाहीत, मग डोके दुखते, चक्कर येते, आणि पुढच्या वर्षी त्या नावच देत नाहीत. तंबूंपासून दूर आणि विहिरीपासून तर आणखी दूर चर खणायचा, बाजूला माती आणि खुरपे ठेवायचे, चारही बाजूंनी ताडपत्री लावायची, रात्री तिथे कंदील टांगायचा. कोणाची पाळी सुरू झाली तर तिने कोणाला सांगायचे, हे पहिल्याच दिवशी मुलींना एकत्र बसवून सांगायचे. हे सगळे अर्ध्या दिवसात होते, पण ते मनात आणणारे कोणीतरी शिबिरात असावे लागते.

रात्रीसाठी एक सूचना. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना डसते. दंशाच्या जागी फारसे दुखत नाही, म्हणून ती अधिक घातक. तंबूची कड नीट दाबून घ्यावी, खाण्याचे सांडू देऊ नये, त्याने उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. सकाळी बूट झटकूनच घालावेत. शंका आली तरी मांत्रिक नको, थेट दवाखाना, आणि जवळचा दवाखाना कोणता हे आधीच माहीत हवे.

आपल्या मुलाच्या टोळीला मात्र आपण लागू नये. माझी लेक एका टोळीत असे, मी दुसऱ्या टोळीची भाकरी करपताना पाहत असे. जेवण सगळ्यांचे एकत्र आणि शाकाहारी. पिठले-भाकरी आणि खिचडी. त्यामुळे हे चालते, ते चालत नाही, हा प्रश्नच उरत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंकाई. एका बाजूला टंकाई, तिच्या पोटात जैन लेणी. दुसऱ्या बाजूला पायऱ्या आणि दरवाज्यांतून वर नेणारी अंकाई, माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान. १६३५ मध्ये शहाजहानच्या सरदाराने किल्लेदाराला पैसे चारून हा किल्ला घेतला, हे सांगितले की मुले हमखास हसतात. पहिल्या शिबिरात शेजारणीची ती मुलगी माथ्यावर आली आणि म्हणाली, "खाला, अपना घर किधर दिखता?" मग सगळ्याच जणी रुळांवरून बोट फिरवत आपापले घर शोधू लागल्या.

निघताना शिट्टी, बॅटरी आणि जाड तळव्याचे बूट घ्यावेत. आणि आमच्या घरांतून येणाऱ्यांना खास विनंती : अत्तर घरीच ठेवा. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहोळ असते, आणि उग्र वास मधमाश्यांना खपत नाही.