ईट: दोन अक्षरांचं गाव आणि कागदावरची त्याची रूपं

आजच्या भागात मी बोलणार आहे भूम तालुक्यातल्या ईट या गावाबद्दल. नाव दोनच अक्षरांचं, पण जुन्या कागदात ते शोधायला बसलात तर घाम फुटतो. आणि जातीचा दाखला किंवा जमिनीचा हक्क त्याच कागदावर अडलेला असतो.

१९४८ पर्यंत आपला मराठवाडा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे जुना महसुली कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतो. उर्दूत ईट लिहिलं की तेच अक्षर एट किंवा ऐट असंही वाचता येतं. मोडीत तर ऱ्हस्व-दीर्घ इ-ईचा भेदच पाळत नाहीत. म्हणजे इट की ईट, हे वाचणाऱ्यावर! इंग्रजीत कुणी 'डबल ई-टी' लिहितं, कुणी 'ई-आय-टी', तर कुणी नुसतं 'आय-टी'. हे शेवटचं सर्चमध्ये टाकून बघा, गाव सोडून सगळं जग सापडेल.

हे फक्त आपल्याकडेच नाही बरं का. इंग्लंडमध्ये १५३८ पासून चर्चच्या वहीत बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायला लागले. तिथेही लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं गावाचं नाव उतरलं.

मग शोधायचं कसं?

एक, नुसत्या नावावर जाऊ नका, तालुका बघा. याच जिल्ह्यात कळंब तालुक्यात इटकूर आहे, तुळजापूर तालुक्यात इटकळ. अर्धवट नाव दिसलं म्हणून आपलंच समजू नका.

दोन, जिल्ह्याचं नावही बदललंय. सातव्या निझामाच्या नावावरून उस्मानाबाद झालं, २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव. दोन्ही नावांनी शोधा.

तीन, कागदावर फसली साल असेल तर त्यात ५९० किंवा ५९१ मिळवा. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६.

चार, एकाच कागदावर थांबू नका. १९५४-५५ चं खासरा पत्रक, जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४, शाळेचा निर्गम उतारा असे सगळे शेजारी ठेवा. पणजोबांचं नाव, गट किंवा सर्व्हे नंबर, शेजारचे खातेदार जुळले, तर गावाच्या नावातली एखादी वेलांटी चुकली तरी नोंद ओळखता येते.

म्हणून "रेकॉर्ड नाही" असं उत्तर मिळालं, तर आधी विचारा: कोणत्या स्पेलिंगने शोधलंत? आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा, शेताला काय म्हणायचे, शेजारी कोण होतं. हे कुठल्याच ॲपमध्ये मिळत नाही.

भेटू पुढच्या भागात!